शेऱ्याच्या रकान्यातला 'नि.'

त्या पत्राला पट्टीवाल्यांनी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर न दिलेलं पत्र घरात असलं, की ते कुठेही ठेवा, पायात येतंच. आधी त्यांनी ते टेबलाच्या खणात टाकलं. मग खण उघडायची चोरी झाली. म्हणून उचलून जाडजूड शब्दकोशात ठेवलं. पण पट्टीवाले पडले कोश वाचणारे. लोक सकाळी वर्तमानपत्र वाचतात तसे ते चहाबरोबर कोशाची दोन पानं वाचायचे, अगदी पहिल्यापासून, ओळीने. वाचून झालं की पत्र खुणेसारखं पुढच्या पानात सरकवायचे. असं करत करत पाच महिन्यांत ते पत्र 'ख'पासून 'ना'पर्यंत येऊन पोचलं. पुढची पानं 'नि'ची होती. तिथे आल्यावर पट्टीवाल्यांनी कोश वाचणंच बंद केलं.

पत्र लहानसंच होतं. खाडीवर पक्ष्यांची मोजदाद करणाऱ्या एका बाईंनी लिहिलेलं. 'आपण एकतीस वर्षं खाडीच्या पट्टीवर होता. आपली सगळी रजिस्टरं मी वाचली आहेत. शेऱ्याच्या रकान्यात आपण जवळजवळ साडेसहा हजार वेळा नुसतं "नि." असं लिहिलं आहे. याचा अर्थ कार्यालय सांगतं तोच आहे का? तसं असेल, तर आपण जे दिवस कोरे सोडले ते कोणते? कृपा करून आपल्या अक्षरात कळवावं.'

सगळी रजिस्टरं वाचली आहेत, हे वाक्य पट्टीवाल्यांनी पाच महिन्यांत निदान शंभर वेळा वाचलं असेल. ती रजिस्टरं कुणी वाचेल असं ती लिहिताना त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

काम काही मोठं नव्हतं. खाडीच्या तोंडाशी पाण्यात एक जाड खांब होता, त्यावर काळ्या-पांढऱ्या आकड्यांची पट्टी ठोकलेली होती. रोज उजेडात येणारी भरती पुरती चढून थांबली, की पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि रजिस्टरात लिहायचा. तारीख, वेळ, आकडा, वारा आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं: तरंगता कचरा, नावा, पक्षी इत्यादी. झालं. कुणी विचारलं, तुम्ही काम काय करता, तर ते म्हणायचे, पाणी किती आलं ते बघतो. मग? मग लिहितो. मग? मग पाणी जातं. यापुढे कुणी विचारत नसे.

आता कचेरीत 'निरंक' हा शब्द कुणाला माहीत नाही? रकाना कोरा ठेवायचा नाही, काही नसलं तरी निरंक लिहायचं, आणि घाईत असलं तर 'नि.'वर भागवायचं, हे नव्या कारकुनाला पहिल्याच दिवशी सांगतात. तेव्हा कार्यालयाने 'नि.' म्हणजे निरंक असं सांगितलं यात कार्यालयाचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते पट्टीवाल्यांचं. त्यांचा 'नि.' वेगळा होता.

तो त्यांना त्यांच्या आधीच्या पट्टीवाल्याने शिकवला होता. पाणी चढताना दिसतं, उतरताना दिसतं, पण थांबताना दिसत नाही, ही त्या कामातली खरी मेख. भरतीचं छापील कोष्टक असतं, पण वाऱ्याने कोष्टक वाचलेलं नसतं. अर्धा तास इकडचा तिकडे सहज होतो. मग थांबलं हे ओळखायचं कसं? म्हाताऱ्याने नव्या पोराचं मनगट धरलं होतं आणि म्हणाला होता, "घड्याळ खिशात ठेव. पाखरं बघ. ती निवांत झाली की पट्टी वाच."

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, त्यावर पाखरं चरतात. पाणी चढू लागलं की ती मागे मागे सरत शेवटी जुन्या बांधावर येऊन बसतात. पाणी बोटभर जरी वाढत असलं तरी त्यांची चुळबूळ चालू असते. ते थांबलं की त्यांनाच आधी कळतं. चोची पंखात जातात आणि सगळा बांध गप्प होतो. म्हणून 'नि.' म्हणजे निवांत. पाखरं निवांत झाली, मी आकडा वाचला, आकडा खात्रीचा. रकाना करंगळीएवढा होता, पूर्ण शब्द मावत नव्हता, आणि मावला असता तरी पट्टीवाल्यांना तो सरकारी कागदावर लिहायला लाज वाटली असती. उन्हाळा लागला की थेट पावसाळा सरेपर्यंत पाखरं दूर कुठे निघून जायची, बांध मोकळा पडायचा. तेव्हा ते फेसाच्या रेषेवरून अंदाज बांधायचे आणि शेरा कोरा ठेवायचे, कारण साक्षीदार हजर नसायचा.

म्हणजे जिथे 'नि.' होता तिथे पाखरं होती आणि जिथे कोरं होतं तिथे ती नव्हती. कार्यालयाने वाचलं ते बरोबर उलटं.

एवढं दोन ओळींत लिहून टाकायला पाच महिने कशाला लागावेत? पट्टीवाले स्वतःला सांगायचे की मायना जमत नाही. 'आदरणीय' फार होतं, 'प्रिय' तर बोलायलाच नको, 'स. न. वि. वि.' लिहिलं की पुढचं सगळं कचेरीसारखं होऊन बसतं. त्यांनी चौदा कागद फाडले. पण माणूस स्वतःशी किती दिवस मायन्याच्या आड लपणार?

खरं कारण होतं अठराव्या वर्षीच्या रजिस्टरात. त्या हिवाळ्यात त्यांची बायको दवाखान्यात होती आणि ते नऊ दिवस तिच्या खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून होते. दहाव्या दिवशी सगळं आटोपल्यावर ते खाडीवर गेले, रजिस्टर उघडलं, तर नऊ ओळी कोऱ्या. रजेचा अर्ज दिलेला नव्हता. त्यांनी कोष्टक काढलं, त्यातले आकडे एकेक करून उतरवले आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'नि.' लिहिलं. कुणी विचारलं नाही. उलट पुढच्याच वर्षी तपासणीला आलेले साहेब म्हणाले की पट्टीवाल्यांचं लिहिणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या दिवशी पट्टीवाल्यांना जेवण गेलं नव्हतं.

आता बाईंना उत्तर द्यायचं तर 'माझा प्रत्येक नि. म्हणजे निवांत' असं लिहावं लागणार, आणि ते नऊ वेळा खोटं ठरणार. नऊ वेळा खोटं लिहिलं हे कबूल करावं, तर बाकीच्या साडेसहा हजारांना कोण विचारतो? आयुष्यात एवढं एकच काम केलेलं. तेही पाण्यात जायचं. त्यापेक्षा झाकली मूठ बरी.

ती मूठ उघडायला लावली ताईने. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण; जन्मभर परिचारिका होती, निवृत्त झाल्यावर भावाकडे येऊन राहिली. वयाची ऐंशी जवळ आली तरी पंचाहत्तरीच्या भावाला ती बाळ म्हणायची. तिने एका सकाळी वर्तमानपत्राची घडी त्यांच्या कपाशेजारी ठेवली आणि विचारलं, ही तुझीच खाडी ना रे. बातमी अशी होती की खाडीचा चिखलपट्टा भरून तिथे माल साठवायचं मोठं आवार करायचं ठरतंय. त्यावर सुनावणी आहे. ज्यांना काही सांगायचं असेल त्यांनी पुढच्या सोमवारच्या आत लेखी सांगावं. आवार बांधणाऱ्या कंपनीच्या अहवालात म्हटलं होतं की तिथे जपण्यासारखं काही नाही. एकतीस वर्षांच्या रोजच्या सरकारी नोंदींत पक्षी निरंक आहेत.

पट्टीवाल्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि कपबशी बाजूला सरकवली. ताईने ती उचलून ठेवली. तिथे पाखरं नव्हती का, असं तिने विचारलं. होती, ते म्हणाले. मग लिहिली का नाहीस? लिहिली ना, होती म्हणूनच तर लिहिली. गोळी घेतली म्हणून सांगणाऱ्या रोग्याकडे बघावं तसं ताईने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी कोशातून पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं आणि 'नि.'ची गोष्ट सांगितली. नऊ दिवसांची तेवढी सांगितली नाही.

"पाच महिने?" ताई म्हणाली. "पाच महिने तू मिठाची गुळणी धरून बसलास?"

पट्टीवाले म्हणाले की आता त्यांचीच खात्री राहिलेली नाही. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. पाणी थांबल्याचं पाखरांना कळतं, हे खरं होतं की म्हाताऱ्याची एक लोणकढी? आपणही एकतीस वर्षं भाबडेपणाने तेच मानत आलो असू तर?

"तर मग बघून ये," ताई म्हणाली. "बस अजून जाते ना तिथे? का तीही निरंक झाली?"

दुसऱ्या दिवशी ते गेले. शेवटच्या थांब्यावर एकटेच उतरले. खाडीला लागून असलेली ती बुटक्या घरांची गल्ली तशीच होती. दारात जाळी वाळत होती, भिंतीला टोपल्या उलट्या टेकवलेल्या होत्या. भरती येत होती म्हणून शिंपल्या वेचणाऱ्या बायका चिखलातून परत येत होत्या. त्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने डोक्यावरची टोपली सावरत त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "पट्टीवाले ना तुम्ही? आम्ही तर तुम्हाला केव्हाच पोचवलं होतं."

राहिलोय अजून, ते म्हणाले. त्यावर सगळ्याजणी हसल्या आणि त्यांना वाट करून दिली.

खाडीकाठच्या ज्या केबिनमध्ये बसून ते रजिस्टर लिहायचे, तिला आता दार नव्हतं. खांबावर पट्टीच्या जागी एक करडी पेटी बसवली होती. ती आपली आपण पाणी मोजायची. बांधाच्या अलीकडे गवतात गुडघ्यापर्यंत चिखल लागलेल्या एक बाई दुर्बीण लावून बसल्या होत्या. ह्याच त्या, हे पट्टीवाल्यांच्या लगेच लक्षात आलं. बाईंनी मान न वळवताच हळू आवाजात सांगितलं, काका, उभे राहू नका, खाली बसा, आता येतीलच. ते खाली बसले. आपण कोण हे सांगायचं राहूनच गेलं.

पाणी चढत होतं. चिखलाची एकेक जीभ पाण्याखाली जात होती. आधी दूरवर नुसता धुरासारखा एक डाग दिसला. तो उचलला गेला, लांबला, मधेच वळला, आणि वळताक्षणी हजारो पांढरी पोटं एकदम लखलखली. पुन्हा वळला, आणि आकाशात काहीच नव्हतं. मग पुन्हा लखलखाट, आता अगदी जवळ. डोक्यावरून थवे गेले तेव्हा पट्टीवाल्यांना तो आवाज आधी छातीत जाणवला आणि नंतर कानात. एकतीस वर्षं त्यांनी हे रोज पाहिलं होतं, पण एक डोळा पट्टीवर ठेवून. दोन्ही डोळ्यांनी आज पहिल्यांदाच पाहत होते. आधी चिखल्या पक्षी उतरले, त्यांच्यामागून मुठीएवढाले तुतवार, मग लांब पायांचे पाणटिवळे. बांधाचा दगड दिसेनासा झाला. कुणीतरी जिवंत गोधडी आणून अंथरावी तसा तो सगळा हलत होता, कुजबुजत होता. यांतली कित्येक पाखरं अर्धी पृथ्वी ओलांडून येतात असं त्यांनी कुठे कुठे वाचलं होतं. वाचलं तेव्हा ते वाक्य होतं. आता ते समोर एका पायावर उभं राहायला जागा शोधत होतं.

पट्टीवाल्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग बांधाच्या टोकापासून ती शांतता सुरू झाली आणि झोप येत जावी तशी इकडे सरकत आली. एक चोच पंखात गेली, मग दहा, मग शंभर. कुजबूज विरली. पाण्यावरचा फेस जागच्या जागी उभा राहिला.

"थांबलं," पट्टीवाले म्हणाले.

बाईंच्या हातातल्या यंत्रावर खांबावरच्या पेटीचे आकडे येत होते. त्यांनी त्याकडे पाहिलं. शेवटचा आकडा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. बाईंनी दुर्बीण खाली ठेवली आणि आता पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

"काका, तुम्ही कोण?"

"नि. म्हणजे निवांत," ते म्हणाले. नाव-गाव सांगायचं सोडून तोंडून हेच निघालं.

बाईंचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी चिखलाचा हात तोंडावरून फिरवला, त्यामुळे आणखीच पंचाईत झाली. त्या म्हणाल्या की कोऱ्या दिवसांवरून त्यांना संशय आला होता. निरंकच असेल तर उन्हाळ्यात कोरं का? पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

पुढचं सांगितल्याशिवाय पट्टीवाल्यांना उठताच आलं नसतं. बांधाकडे तोंड करून त्यांनी ते सांगितलं. लोखंडी स्टूल, नऊ कोऱ्या ओळी, कोष्टक. बोलून झाल्यावर वाटलं, आता ही बाई सामान आवरील आणि निघून जाईल.

बाईंनी पिशवीतून वही काढली. एका पानावर अठराव्या वर्षाच्या नऊ तारखा लिहिलेल्या होत्या आणि त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता.

"या नऊ दिवसांत पाणी कोष्टकाबरहुकूम आलंय," त्या म्हणाल्या. "बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. खरं पाणी इतकं शहाणं नसतं, काका. मला कधीचं कळलं होतं. पण ते मी सांगायचं नव्हतं."

मग त्यांनी वहीत घडी घालून ठेवलेला एक लांब कागद उलगडून गवतावर पसरला. त्यावर ठिपके होते, मुंग्यांची रांग असावी तसे, वरखाली होणारे. हे सगळे तुमचे आकडे, बाई म्हणाल्या. पट्टीवाल्यांनी चष्मा सारखा केला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती रांग हळूहळू वर चढत गेली होती. चार बोटं, बाई म्हणाल्या; एकतीस वर्षांत इथला समुद्र चार बोटं वर आलाय, आणि हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊकच झालं नसतं. वादळात पाणी आत घुसतं तेव्हा या चिखलावर येऊन ते दमतं, म्हणून ती गल्ली अजून उभी आहे. चिखल भरला तर चार बोटं सरळ लोकांच्या चुलीपर्यंत जातील.

पट्टीवाले त्या कागदाकडे बघत राहिले. रोज आपण एका दिवसाचं पाणी लिहितोय असं त्यांना वाटायचं. प्रत्यक्षात त्यांच्या हाताखालून एक अख्खा समुद्र पायरी चढत होता आणि त्यांना पत्ताही नव्हता. बांधावर एक पाखरू पंखातून चोच काढून त्यांच्याकडे बघून पुन्हा झोपलं.

त्यांनी विचारलं की नऊ दिवसांचं लिहिलं तर कंपनीचा वकील बाकीचंही फेकून देईल का. बाईंनी खोटा धीर दिला नाही. प्रयत्न नक्की करील, त्या म्हणाल्या. पण तुम्ही स्वतः सांगितलंत तर नऊच जातील, आणि दुसऱ्या कुणी शोधून काढले तर सगळेच. पट्टीवाल्यांनी इथेच लिहून देतो म्हटलं, तर बाईंनी तेही नको म्हटलं. माझ्यासमोर लिहू नका, नाहीतर मीच लिहून घेतलं म्हणतील. घरी जा, विचार करा, लिहावंसं वाटलं तर मला पोस्टाने पाठवा, सुनावणीत मी देईन. नाही वाटलं, तर आज आलात हेच खूप झालं.

घरी आल्यावर त्यांनी ताईला नऊ दिवसांचं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"त्या नऊ दिवसांत तू तिथे पाणी मोजत बसला असतास," ती म्हणाली, "तर मी जन्मात तुझं तोंड पाहिलं नसतं. आता लिही, आणि मायन्यावर अडू नकोस."

ते अडले नाहीत. 'बाई,' असं लिहिलं आणि पुढे गेले. 'नि. म्हणजे निवांत. ज्या दिवशी मी नि. लिहिलं त्या दिवशी भरतीच्या वेळी बांधावर पाखरं होती आणि ती स्थिर झाल्याचं पाहूनच मी आकडा वाचला. ही पद्धत मला माझ्या आधीच्या पट्टीवाल्याने शिकवली. याला अपवाद खालचे नऊ दिवस. त्या दिवशी मी खाडीवर नव्हतो. आकडे कोष्टकातून उतरवले आणि शेरा मनाने लिहिला. ते चूक होतं. नऊ दिवस वगळावेत. बाकीच्यांसाठी मला कुठेही बोलवावं, मी येईन.' 'मी येईन' लिहिताना ते थबकले, कारण चारचौघांत उभं राहून ते आजवर कधी बोलले नव्हते. पण खोडलं नाही. खाली नऊ तारखा लिहिल्या, एकाखाली एक. रजिस्टर समोर नव्हतं. तारखा त्यांना पाठ होत्या.

सोमवारला अजून तीन दिवस होते. पोस्टात खिडकीशी चष्मा कपाळावर चढवलेला कारकून होता. त्याने पाकीट उलटसुलट केलं, आत काय आहे म्हणून विचारलं. कागद, पट्टीवाले म्हणाले. महत्त्वाचे? पट्टीवाल्यांनी थोडा विचार केला. त्यांच्या कुठल्याही कागदाबद्दल आजवर त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

"हो," ते म्हणाले. "पोचपावतीने पाठवा."

कारकुनाने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं. पायऱ्या उतरताना पट्टीवाल्यांना आठवलं की शेवटी नुसतं 'आपला' लिहिलंय, 'आपला नम्र' लिहायला हवं होतं. ते वळले, दोन पायऱ्या परत चढलेही. तेवढ्यात मागच्या दारी टपालाची गाडी लागली आणि एका माणसाने ती टोपली उचलून आत ठेवली.